हरकत नाही

दिवाळी उलटली की भांडगावच्या हायवेवर मेंढरं दिसू लागतात. यंदा भाऊबीजेला मी माहेरी गेले होते. परतताना भावाने गाडी थांबवली, कारण समोरून एक मोठा कळप रस्ता ओलांडत होता. मागे घोडी, घोडीवर भांडीकुंडी, आणि त्यावर पाय बांधलेल्या दोन कोंबड्या. भाऊ हॉर्न वाजवत होता. काच खाली केली तर लोकरीचा ओलसर वास आत आला, त्यात कुठल्यातरी गुऱ्हाळाचा गोड धूर मिसळलेला. मी डोळे मिटून घेतले.

"ताई, डुलकी लागली का?" भावाने विचारलं.

"दमलेय रे जरा," म्हणाले. हल्ली कुणी काही विचारलं की माझ्या तोंडी हेच उत्तर येतं, आणि ते खोटं नसतं.

मी पुण्यात एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मेंदूच्या आजारांवर काम करते. माणूस हळूहळू विसरत जातो तो आजार, आणि त्यावर आपल्याकडच्या औषधी वनस्पतींचा काही उपयोग होतो का, हा माझा विषय. सांगायला हे छान वाटतं. प्रत्यक्षात मी वर्षानुवर्षं एका गोल हौदाच्या कडेला स्टॉपवॉच घेऊन बसलेली आहे. हौदात गढूळ केलेलं पाणी असतं आणि पाण्याखाली एक छोटा चौथरा लपवलेला असतो. उंदीर सोडायचा. तो पोहत पोहत चौथरा शोधतो. आठवण शाबूत असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सरळ तिथे जातो. नसेल तर कडेकडेने फिरत राहतो. मी सेकंद मोजते. आईला हे सांगितलं होतं तेव्हा ती म्हणाली होती, "एवढं शिकून उंदीर पोहायला लावतेस?" तिच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

ब्राह्मीचं काम घेतलं त्या वर्षी मला एकाच जागची, ओळखीची, हमखास खरी ब्राह्मी हवी होती. बाजारात ब्राह्मी म्हणून दोन वेगळ्या वनस्पती मिळतात. मला हवी होती ती चिखलावर पसरणारी, बारीक मांसल पानांची, पांढुरक्या जांभळ्या फुलांची. भाऊ म्हणाला, आप्पांना विचार. पाल्याचं त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही.

आप्पा म्हणजे आमच्या लहानपणी दर वर्षी दिवाळीनंतर आमच्या शेतात मेंढरं बसवणारे धनगर. कळप दोन-तीन दिवस रानात मुक्कामाला असायचा, रानाला खत मिळायचं, आणि मग ते कोकणाच्या वाटेला लागायचे. हौसाबाई, त्यांची बायको, घोडीच्या पुढे चालायची. कमरेला मूल, डोक्यावर पाटी, आणि तोंडाने सगळ्या तांड्याला हुकूम. पुढचा मुक्काम कुठे, पाणी कुठे, कुठल्या गावचा पाटील चांगला, कुठल्या गावची कुत्री वाईट, सगळं तिला पाठ. आता त्या दोघांनी मेंढरं कधीच विकून टाकलेली. न्हावऱ्याच्या अलीकडे थोडी जमीन, दोन म्हशी, कांदा. मुलगा रांजणगावला कंपनीत जायचा, सूनही कामाला जायची. दिवसभर घरी दोघंच म्हातारा-म्हातारी.

मी केडगावपर्यंत डेमू लोकलने जायचे आणि तिथून पारगावच्या पुलावरून न्हावऱ्याकडे एसटीने. आप्पा फाट्यावर उभे असायचे. पहिल्या दिवशीच मला कालव्याच्या पाझरावर वाहणाऱ्या ओढ्याकडे घेऊन गेले. काठावर ब्राह्मी अशी दाट, की पाय ठेवायला मन होईना.

"हीच का गं?" त्यांनी विचारलं.

"हीच, आप्पा."

"मंग किती पायजे तेवढी ने. हितं तिला कोन इचारतंय."

त्या हंगामात मी दर पंधरवड्याला गेले. आप्पा सकाळीच पाला उपटून, धुऊन, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे. कागदावर तारीख घालायला त्यांना येत नव्हतं, म्हणून गाठी मारायचे, एका खेपेला एक गाठ. मी चहा घ्यायचे. हौसाबाई उंबऱ्यात बसलेली असायची. दर वेळी मला विचारायची, "तू कुनाची गं?" मी वडिलांचं नाव सांगायचे. ती हसायची, "भांडगावची व्हय! मोठी झालीस की." आणि थोड्या वेळाने पुन्हा, "तू कुनाची गं?"

एकदा ती अंगणात उठून गोठ्याच्या भिंतीला हात लावत लावत फिरू लागली. दार शोधत होती. दार तिच्या पाठीमागे होतं. मी हातातली कपबशी खाली ठेवली. असं कडेकडेने फिरणं मी रोज बघते, फक्त मला ते माणसात बघायची सवय नव्हती.

आप्पांनी तिला धरून आणलं, बसवलं, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "ह्यो पाला तू मेंदूसाठीच नेती न्हवं?"

"हो."

"मंग हिला दिला तर?"

इथे मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, "आप्पा, उपयोग होईल असं मी सांगू शकत नाही. अजून आम्हालाच माहीत नाही. पण लोक पूर्वीपासून खातात, चटणी करतात. द्यायला हरकत नाही."

एवढं लांब वाक्य बोलले, पण त्यांनी त्यातलं शेवटचं तेवढं घेतलं. कुणीही तेच घेतलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मूठभर पाला ठेचून, चिमूटभर मीठ घालून ते तिला सकाळी देऊ लागले. पाला कडू. पहिल्यांदा तिने थुंकला, मग सवय झाली. आणि आप्पांनी आपली एक परीक्षा सुरू केली. पाला खाऊन झाला की विचारायचे, "सांग, कोकणात जाताना मुक्काम कंचं कंचं?" ती सांगायची, "भांडगाव... यवत... सासवड..." पुढे कधी कापूरहोळ यायचं, कधी भोर यायचं, कधी ती थांबायची. जितके मुक्काम सांगेल तितक्या कोळशाच्या रेघा आप्पा गोठ्याच्या भिंतीवर मारायचे. मी ती भिंत पाहिली तेव्हा लाजल्यासारखं झालं. माझ्या प्रयोगवहीत रजेचे दिवस कोरे होते. त्या भिंतीवर एक दिवस कोरा नव्हता.

महिन्याभराने फोन आला. "ताई, आज वरंध्याच्या घाटापत्तुर गेली! सात मुक्काम!"

मला ठाऊक होतं की ह्या आजारात बरे दिवस असतात, वाईट दिवस असतात. एका माणसाच्या चांगल्या महिन्याला काही अर्थ नसतो. हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. तरी त्या दिवशी मी प्रयोगशाळेत सगळ्यांना पेढे दिले. कशाबद्दल विचारलं तर मी म्हणाले, सहजच.

पुढच्या वर्षी रेघा कमी होऊ लागल्या. पाच, चार, तीन. आप्पा मला ते सांगत नव्हते. त्यांनी एका मुठीच्या दोन मुठी केल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक.

इकडे माझ्या उंदरांचंही बिनसलं होतं. ब्राह्मीचा अर्क दिलेले उंदीर न दिलेल्यांपेक्षा बरे तर नव्हतेच, काही अधिकच भरकटत होते. मी अर्क बदलला, मात्रा बदलली, हौदाची खोली बदलली. आमचे सर आता निवृत्तीला आलेले, फार बोलत नाहीत. त्यांनी एके दिवशी माझे आलेख बघितले आणि म्हणाले, "पाला कुठल्या पाण्यातला आहे? धातूंची तपासणी केलीस?"

केली नव्हती. ब्राह्मी पाण्यातले जड धातू शोषून घेते, हे मी वाचलेलं होतं. परीक्षेत त्यावर प्रश्नही काढला असेल. पण तो ओढा मी डोळ्यांनी पाहिला होता. नितळ पाणी, काठावर बगळे. आप्पांनी उपटलेला, आप्पांनी धुतलेला पाला. मला तपासावंसं वाटलं नाही, इतकं साधं ते होतं.

पाला तपासायला पाठवला. अहवालात शिसं निघालं. थोडं नव्हतं.

शिसं मेंदूत जातं आणि माणूस विसरू लागतो. ज्या आजारावर मी औषध शोधत होते, त्याच वाटेने ते माणसाला पुढे ढकलतं. माझी तीन वर्षं वाया गेली, हे त्या दिवशी संध्याकाळी माझ्या लक्षात आलं. सकाळी कागद हातात आला तेव्हा पहिल्यांदा आठवली ती भिंत.

फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. दुसऱ्या दिवशी डेमू पकडली. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांमागे एसटी रखडत होती. मला वाटत होतं, अशीच रखडत राहावी.

आप्पा भिंतीला टेकून हौसाबाईचे केस विंचरत होते. मी सांगितलं. शिसं म्हणजे काय, ते कसं येतं, पाला आजपासून बंद का करायचा, सगळं. आप्पांनी फणी खाली ठेवली.

"मंजी मी तिला इख पाजलं?"

"तुम्ही नाही आप्पा. तुम्हाला मी सांगितलं होतं."

हौसाबाई मागे वळून म्हणाली, "इंचर की." आप्पांनी फणी उचलली आणि पुन्हा विंचरू लागले. केसांतून नीट, सावकाश. मग तसंच विंचरत म्हणाले, "तुम्ही शिकलेली मानसं. तुमाला ठावं असल असं वाटलं."

त्या दिवसापासून आप्पा मला तुम्ही म्हणू लागले. लहानपणापासून मला पोरी, ताई, अगं म्हणणारा माणूस. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

आम्ही हौसाबाईला दौंडला डॉक्टरांकडे नेलं. रक्त पुण्याला तपासायला पाठवलं. रक्तात शिसं असायला नको तितकं होतं. डॉक्टर भले होते. म्हणाले, पाला बंद केलात ते चांगलं, आता शरीर हळूहळू बाहेर टाकेल. आप्पांनी विचारलं, "डाक्टर, हिचं इसरायचं म्हातारपनाचं किती आन् ह्या पाल्याचं किती?"

"ते कुणीच सांगू शकणार नाही, आजोबा."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. नाही, कुणीच नाही.

मग शिसं येतं कुठून ते बघायला आम्ही दोघं ओढ्याच्या काठाने वर चालत गेलो. अर्धा-पाऊण तास चाललो असू. बाभळींच्या मागे पत्र्याची एक शेड होती. आत जुन्या बॅटऱ्यांचे ढीग, आणि चार-पाच परप्रांतीय कामगार त्या फोडत होते. आतलं पाणी जमिनीवर ओतलं जात होतं आणि चारीतून सावकाश ओढ्याला मिळत होतं. मालक तिथे नव्हता. तोंडाला फडकं बांधलेला एक जण बाहेर आला. आप्पांनी हात दाखवून ओढ्याकडे खूण केली. तो समजला. म्हणाला, "चाचा, ये पानी जानवर को भी मत पिलाओ. हम लोग भी बोतल का पीते हैं."

त्या कामगाराला मराठी येत नव्हती आणि आप्पांना हिंदी जेमतेम, पण एवढं कळायला भाषा लागली नाही. जे त्याला ठाऊक होतं ते मला ठाऊक नव्हतं.

पाला बंद झाल्यावर एक वेगळंच सुरू झालं. हौसाबाई सकाळी तोंड धुतलं की हात पुढे करायची. "पाला दे." मुलाचं नाव गेलं होतं, मुक्काम गेले होते, पण पाला राहिला होता. आप्पा शेपू ठेचून द्यायचे, मेथी द्यायचे. ती चघळायची आणि थुंकायची. "ह्यो न्हवं." माझ्या हौदात पोहणाऱ्या कुठल्याही उंदराने मला हे शिकवलं नव्हतं, की माणूस सगळं विसरून कडू चव तेवढी जपून ठेवू शकतो. त्यावर एक चांगला लेख लिहिता आला असता. मी लिहिला नाही.

ग्रामसभेचा निरोप आप्पांनीच दिला. "तुम्ही यायचं. आन् सांगायचं."

"काय सांगू?"

"जे झालं ते. माझं मी सांगीन. तुमचं तुम्ही."

ग्रामपंचायतीसमोरच्या पटांगणात माणसं बसली होती. रस्त्याचा विषय झाला, दिव्यांचा झाला. मग आप्पा उठले. हा माणूस चारचौघांत कधी बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्यांनी टोपी काढून हातात धरली.

"मी माझ्या बायकूला त्या वढ्याचा पाला दोन वर्सं घातला. औशिद म्हनून घातला. त्यात शिसं हाय. तुमची जनावरं त्येच पानी पित्यात. पोरं बी त्यात डुंबत्यात. मला कळलं, म्हनून सांगतो." एवढं बोलून ते माझ्याकडे वळले. "आता ह्या बोलतील."

मी परिषदांमधून बोलले आहे, मोठ्या लोकांसमोर बोलले आहे. इथेही तसंच सुरू केलं. मी अहवाल वाचून दाखवला, आकडे सांगितले. माणसं ऐकत होती पण आप्पा खाली बसत नव्हते. ते टोपी हातात धरून तसेच उभे. मग मला कळलं ते कशासाठी थांबलेत.

"आप्पांनी मला विचारलं होतं," मी म्हणाले, "आणि मी, द्यायला हरकत नाही, असं म्हणाले होते. पाणी तपासलं नव्हतं. ते माझं काम होतं. मी ते केलं नव्हतं."

आप्पा खाली बसले.

मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, आमच्या शेरडांचं काय मंग?" दुसरा म्हणाला, "मालक कोन हाय ते सांगा की आधी." सरपंच उठून उभे राहिले, गलका झाला, अर्ज लिहायचं ठरलं. सह्या झाल्या, अंगठे उठले. शेड दोन महिन्यांत बंद झाली. त्या आनंदाला फार आयुष्य नव्हतं. पुढे कळलं की तीच शेड तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या एका ओढ्याच्या काठावर उभी राहिली आहे. तिथेही अर्ज दिला आहे. उत्तर यायचंय.

हौसाबाई पुढच्या उन्हाळ्यात गेली. झोपेतच गेली, असं घरचे म्हणाले. मी दहाव्याला गेले होते. भिंत सारवलेली होती. सुनेने सारवली की आप्पांनी, हे मी विचारलं नाही. आप्पांनी चहा दिला, "घ्या" म्हणाले, आणि म्हशीला वैरण टाकायला गेले.

मी प्रयोग पुन्हा केले. ट्रेमध्ये, तपासलेल्या पाण्यात वाढवलेली ब्राह्मी. तरुण उंदरांत थोडा फरक दिसतो, म्हाताऱ्यांत दिसत नाही. निदान अजून तरी दिसलेला नाही. हे मी कुणाला फोन करून सांगत नाही. पेढेही वाटत नाही. अहवालात लिहिते, "अधिक अभ्यासाची गरज आहे." हे वाक्य आमच्या क्षेत्रात सगळेच लिहितात. पूर्वी ते लिहिताना काही वाटायचं नाही, आता मी त्याच्यापाशी थांबते.

लोक मला विचारतात की एवढं दमायला होतं तर हा विषय सोडत का नाहीस. मी काहीतरी सांगते. खरं कारण म्हणजे त्या ग्रामसभेनंतरची एक गोष्ट.

सभा संपल्यावर मी फाट्यावर एसटीची वाट बघत उभी होते. उन्हं कलली होती. माझ्यामागून एक बाई झपाझप चालत आली. पन्नाशीची असेल, हाताला कांद्याची माती. कांद्याच्या रानातून थेट सभेला आली होती आणि सभेत मागे उभी राहिली होती. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, ही आता मला बोलणार. बोलावं, म्हणून मी तिच्याकडे तोंड करून उभी राहिले.

"मॅडम," ती म्हणाली, "माझी सासू बी असंच करती. घरातली मानसं वळखंना. त्यो पाला नको म्हनताय तर नको. दुसरं कंचं झाड हाय का?"

एका तासापूर्वी मी सगळ्या गावासमोर काय कबूल केलं होतं!

"आता ऐकलंत ना तुम्ही सगळं?"

"ऐकलं की. म्हनून तर तुमालाच इचारती. दुसरा कोन खरं सांगतोय?"

एसटी पुलाच्या बाजूने येताना दिसू लागली. मला 'हरकत नाही' म्हणायचं नव्हतं, आणि तिला नुसतं 'नाही' म्हणून परत पाठवायचंही नव्हतं.

"आत्या," मी म्हणाले, "मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. त्यांना दौंडला डॉक्टरांना दाखवा, मी चिठ्ठी देते. पण असं एखादं झाड आहे का, ते मला अजून माहीत नाही."

मी वहीतलं पान फाडून चिठ्ठी लिहिली. तिने हाताची माती पदराला पुसली. मग चिठ्ठी नीट घडी करून कमरेला खोचली आणि मला गाडीत चढायला वाट करून देत म्हणाली,

"न्हाई ठावं तर हुडका की मंग. आमी हाय हितंच."